एकाच परातीत : सेनेगलमधील स्वयंसेवक आणि त्यांची घरे

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशात अमेरिकेच्या पीस कोअर संस्थेचे स्वयंसेवक १९६३ पासून येत आहेत. त्यांतले बरेच जण खेड्यात काम करतात आणि तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहतात. सुरुवातीचे तीनेक महिने प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षे प्रत्यक्ष काम, असा हा २७ महिन्यांचा मुक्काम असतो. या काळात जेवण, भाषा, गावातली ओळख, इतकेच काय नाव आणि आडनावसुद्धा स्वयंसेवकाला यजमान कुटुंबाकडून मिळते. शेती, वनीकरण, आरोग्य किंवा छोटे व्यवसाय यांपैकी कोणतेही काम घेऊन तो आलेला असो, ते गावात रुजणार की नाही हे बरेचसे या घरावर ठरते. कुटुंबाने उचललेल्या या भाराची नोंद कामाच्या अहवालांत क्वचितच होते. खरे तर या साऱ्या उपक्रमाचा पायाच तो आहे.

परक्या देशातल्या घरात राहून तो देश शिकायचा, ही कल्पना पीस कोअरपेक्षा जुनी. डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थांनी १९३२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला. तरुणांना युरोपात नुसते हिंडवून आणण्यापेक्षा तिथल्या घरांत ठेवले, तर दोन्ही बाजूंना एकमेकांची खरी ओळख होते, हे त्यांनी ओळखले होते. सार्जंट श्रायव्हर हा विद्यार्थी १९३४ मध्ये याच उपक्रमातून जर्मनीला गेला. पुढे १ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी पीस कोअरची स्थापना केली, तेव्हा तिचे पहिले संचालक झाले ते हेच श्रायव्हर. संस्थेची तीन उद्दिष्टे तेव्हा ठरली : मागणी असेल तिथे प्रशिक्षित माणसे पुरवणे, अमेरिकी लोक कसे असतात ते इतरांना कळणे, आणि इतर लोक कसे असतात ते अमेरिकेला कळणे. तीनपैकी दोन उद्दिष्टे माणसांच्या ओळखीची आहेत, आणि ती कार्यालयात बसून साधणारी नाहीत. आजवर २,४०,००० हून अधिक स्वयंसेवक १४० हून अधिक देशांत राहून आले आहेत.

भारतातही पीस कोअरचे काम १९६१ ते १९७६ या काळात चालले. त्यातले महाराष्ट्राशी जोडलेले सर्वांत ठळक नाव लिलियन कार्टर यांचे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या या आई वयाच्या ६८ व्या वर्षी परिचारिका म्हणून मुंबईत आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी काम केले. तिथून त्यांनी घरी लिहिलेली पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या मात्र कोणाच्या घरात न राहता वसाहतीतल्या सदनिकेत राहत. प्रत्येक देशात रीत वेगळी असते. सेनेगलमध्ये कुटुंबात राहण्याला जे महत्त्व आले, त्याचे कारण तिथल्या घरांच्या घडणीतच आहे.

सेनेगलमधले खेड्यातले घर म्हणजे एका कुंपणाच्या आतला वाडा. मध्ये मोकळे अंगण, भोवती मातीच्या किंवा सिमेंटच्या विटांच्या खोल्या, कोपऱ्यात चुलीची झोपडी आणि सावलीला आंब्याचे किंवा कडुनिंबाचे झाड. कडुनिंब मूळचा भारतीय उपखंडातला; गेल्या शतकात तो सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पसरला आणि आता तिथल्या गावांची हक्काची सावली झाला आहे. वाड्यात कर्ता पुरुष, त्याच्या एक किंवा अधिक बायका, त्याचे भाऊ, भावजया, मुले, नातवंडे, शिकायला आलेला भाचा अशी वीस-पंचवीस माणसे सहज असतात. सेनेगलची बहुसंख्य प्रजा मुसलमान आहे, कायद्याने बहुपत्नीत्वाला मुभा आहे, आणि सवतींमध्ये स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. या वाड्यात स्वयंसेवकाला एक स्वतंत्र खोली मिळते. दाराला कुलूप, छप्पर धड, शौचालय जवळ आणि मच्छरदाणी टांगण्याची सोय, एवढी किमान अपेक्षा संस्थेची असते. खोलीचे दार अंगणात उघडते, आणि दिवसाचा बहुतेक भाग अंगणातच जातो.

पहिल्या काही दिवसांत नाव ठेवले जाते. आडनाव कुटुंबाचे, आणि पहिले नाव बहुधा घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या व्यक्तीचे. ज्याचे नाव मिळाले, तो माणूस त्या स्वयंसेवकाचा ‘तुरांदो’ म्हणजे नावबंधू होतो, आणि हे नाते पुढे दोन्ही बाजूंनी निभावावे लागते. सणाला लहानशी भेट द्यावी लागते, विचारपूस ठेवावी लागते. आडनावाचे महत्त्व तर आणखी मोठे. सेनेगलमध्ये काही आडनावांमध्ये आणि जमातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नाते असते. ‘जॉप’ आडनावाचा माणूस ‘न्जाय’ला भेटला की त्याला खादाड म्हणणार, आणि तोही सव्याज परतफेड करणार, राग मानायचा नाही, हा नियम. सेरेर आणि पुलार भाषकांमध्ये, तसेच सेरेर आणि जोला यांच्यातही असेच चालते. त्यामुळे ज्या परदेशी माणसाला कालपर्यंत सगळे ‘तुबाब’, म्हणजे गोरा, म्हणून हाक मारत होते, तो नाव सांगताच बसमध्ये, बाजारात, पोलीस चौकीत कोणाचा तरी थट्टेचा भाऊबंद ठरतो. ओळख नसलेल्या ठिकाणी दार उघडण्याची ही किल्ली कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भाषेचा पाया प्रशिक्षणात घातला जातो. संस्थेचे प्रशिक्षण केंद्र राजधानी डाकारच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर थियेस या शहरात आहे. फ्रेंच ही देशाची अधिकृत भाषा असली तरी खेड्यात तिचा उपयोग थोडा. व्यवहाराची भाषा बहुतेक ठिकाणी वोलोफ. दक्षिणेकडे कोल्डाच्या बाजूला पुलार आणि मांडिंका, तर फातिकच्या परिसरात सेरेर. म्हणून स्वयंसेवकाला ज्या गावी जायचे तिथली भाषा शिकवतात, आणि प्रशिक्षणाच्या काळातही त्याला एका कुटुंबात ठेवतात. तरी खरे शिक्षक म्हणजे घरातली लहान मुले. मोठी माणसे सौजन्याने चूक सोडून देतात. सात-आठ वर्षांचे पोर चुकीचा शब्द ऐकून खळखळून हसते आणि बरोबर शब्द येईपर्यंत दहा वेळा म्हणायला लावते.

भाषेची पहिली परीक्षा अभिवादनात होते. सेनेगलमध्ये नुसते ‘नमस्कार’ म्हणून पुढे गेलेला माणूस उद्धट ठरतो. रात्र कशी गेली, घरची मंडळी कशी आहेत, मुले कशी, काम कसे, उन्हाचे कसे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात. उत्तर बहुधा एकच, ‘जाम रेक’, सारे शांत आहे. खरोखर कोणी आजारी असले तरी आधी हेच, आजाराची बातमी नंतर. सकाळी अंगणात आल्यावर प्रत्येक मोठ्या माणसाला हे स्वतंत्रपणे म्हणायचे असते, आणि विहिरीपर्यंत जायला पाच मिनिटांचा रस्ता असेल तर अर्धा तास लागतो. घाईत वाढलेल्या तरुणाला आरंभी हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण गावात कोणाला ताप आहे, कोणाचे बी उगवले नाही, कोणाकडे पाहुणे आले आहेत, हे त्याला कळते ते याच रस्त्यावर. आरोग्याचे किंवा शेतीचे काम करणाऱ्याला याहून चांगली पाहणी दुसरीकडे मिळणार नाही.

दिवस उजाडण्याआधी मशिदीतली बांग आणि पाठोपाठ अंगण झाडण्याचा आवाज येतो. बायका पाणी भरतात, आणि मग उखळात मुसळ पडू लागते. न्याहारीला बाजाराच्या गावी लांब फ्रेंच पाव आणि कॉफी, आडगावात बाजरीची पेज. स्वयंसेवक पाणी शेंदू लागला, की पहिले काही दिवस बघ्यांची गर्दी होते. डोक्यावर भरलेली बादली घेऊन चालणे त्याला जमत नाही आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला लीलया जमते. अंघोळ बादलीभर पाण्यात. सकाळची वेळ शेतात, रोपवाटिकेत किंवा आरोग्य केंद्रात जाते. गावोगाव फिरायला सायकल असते. मोटरसायकलवर बसायला संस्थेची मनाई आहे. दुपारी उन्हामुळे सगळेच थांबते. देशाच्या आतल्या भागात, तांबाकुंडाच्या बाजूला, एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जाते, आणि त्या दिवसांत रात्रीही सगळे घर अंगणात मच्छरदाण्या लावून झोपते.

दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास. या जेवणात त्या घराची सारी रीत एकवटलेली असते. चटई अंथरतात, मध्ये मोठी परात ठेवतात, चपला बाहेर काढून आणि हात धुऊन सगळे भोवती बसतात. बहुतेक घरांत पुरुषांची परात वेगळी, बायकामुलांची वेगळी. उजव्या हाताने किंवा चमच्याने खायचे, आणि आपल्यासमोरच्या भागातूनच. शेजाऱ्याच्या बाजूला हात घालणे अशिष्ट. मासा, गाजर, कोबी, कसावा हे सगळे मध्यभागी रचलेले असते. घरची बाई किंवा वडीलधारा माणूस ते हाताने तोडून प्रत्येकाच्या पुढे टाकत जातो, आणि चांगला तुकडा पाहुण्याकडे सरकवतो. स्वयंसेवकाच्या पुढ्यात रोज असा ढीग साचतो. पोट भरले म्हणून तो उठू लागला की ‘काय लेक’, ये, जेव, असा आग्रह सुरू होतो. काही महिन्यांनी हा ढीग लहान होत जातो, आणि त्यालाही माशाचा तुकडा तोडून धाकट्या भावंडापुढे टाकता येतो. घरातले स्थान बदलल्याची यापेक्षा स्पष्ट खूण नाही. तळाला लागलेली भाताची खरवड कोणाच्या वाट्याला येणार, यावरून मुलांत भांडणे होतात, ती जगभर होतात तशीच.

परातीतला सर्वांत मानाचा पदार्थ चेबुजेन : टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला भात आणि मासे. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आतल्या खेड्यांत मात्र रोजचे अन्न बाजरीचे. ती कांडून, चाळून, वाफवून तिचा मोकळा दाणेदार सांजा करतात आणि त्यावर शेंगदाण्याच्या कुटाची किंवा शेवग्याच्या पाल्याची आमटी घालतात. भाताबरोबर लाल अंबाडीच्या पानांची आंबट चटणी असते, आणि त्याच झाडाच्या लाल बोंडांचे सरबत देशभर पितात. मराठी वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. बाजरी तर मुळात साहेलच्याच पट्ट्यात पिकाखाली आली आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भारतात पोहोचली. शेवगा भारतातून तिकडे गेला. अमेरिकेतून आलेल्या स्वयंसेवकाला मात्र हे सगळे नवे असते, आणि दोन्ही वेळा तेच अन्न खाण्याचा कंटाळा हा त्याच्या आरंभीच्या महिन्यांतला मोठा भाग असतो. जुलै ते सप्टेंबर या काळात जुने धान्य संपत आलेले आणि नवे पीक शेतात उभे असते, तेव्हा परातीतली भाजी नाहीशी होते, आमटी पातळ होते. टंचाईचे हे महिने कुटुंबाबरोबर काढल्यावर शेवग्याचे वाफे किंवा लवकर येणारे वाण गावासाठी का महत्त्वाचे, हे स्वयंसेवकाला पुस्तकाविना समजते.

जेवणानंतर अताया. चीनमधून येणारी हिरव्या चहाची पत्ती कोळशाच्या शेगडीवर उकळून, उंचावरून लहान पेल्यांत ओतून, फेस आणून तीन फेऱ्यांत देतात. पहिली कडवट, नंतरच्या गोड होत जाणाऱ्या. या सगळ्याला दीड-दोन तास सहज लागतात. शेतीच्या हंगामाबाहेर तरुणांच्या गप्पा, गावाच्या तक्रारी आणि बेत याच वेळी निघतात. गावाने स्वयंसेवकाची एखादी कल्पना उचलली, तर तिची पहिली चर्चा बहुधा चहाभोवती झालेली असते, त्याने बोलावलेल्या सभेत नव्हे.

या जीवनातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती, याचे उत्तर उष्णता किंवा आजारपण असे वाटेल. मलेरियाची गोळी, पाण्याची काळजी, डाकारमधले वैद्यकीय पथक यांमुळे त्यावर काही इलाज तरी असतो. एकांत मिळत नाही, यावर तसा इलाज नाही. सेनेगलच्या घरात एकटे बसलेल्या माणसाला दुःखी किंवा आजारी समजतात. खोलीचे दार लावून कोणी पुस्तक वाचत बसला तर थोड्या वेळाने दारावर टकटक होते : तब्येत बरी आहे ना, कोणी काही बोलले का? विचारणाऱ्याच्या मनात खरीच काळजी असते, म्हणून चिडताही येत नाही. अनुभवी स्वयंसेवक नव्यांना सांगतात की पुस्तक घेऊन झाडाखालीच बसावे. तिथे कोणी बोलावत नाही, आणि एकटे सोडल्याचा दोषही कोणाला लागत नाही.

स्त्री स्वयंसेवकांच्या बाबतीत घरातले राहणे आणखी गुंतागुंतीचे होते. पंचविशीची अविवाहित स्त्री एकटी इतक्या दूर आली, याचा अर्थ गावाला लागत नाही. नवरा कुठे, हा प्रश्न रोजचा. लग्नाच्या मागण्या काही थट्टेने, काही गंभीरपणे येतात. तिला पुरुषांच्या परातीशी बसवावे की बायकांच्या, यावरही घरात विचार होतो, कारण पाहुणी म्हणून तिचा मान पुरुषांचा आणि वावर बायकांमध्ये. काहींना या दुहेरी स्थानाचा फायदा होतो : गावप्रमुखाशी बोलता येते आणि बाळंतिणीच्या खोलीतही जाता येते. पण सततच्या छेडछाडीचा ताण खरा असतो, आणि अशा वेळी घरातला थोरला भाऊ किंवा आई गावाला जे खडसावते, तेच संरक्षण उपयोगी पडते. पुरुष स्वयंसेवकाची अडचण उलटी. तो स्वतःचे कपडे धुवायला बसला की बहिणी ते हातातून काढून घेतात, आणि ते न घेऊ देण्यासाठी त्याला रोज नव्याने झगडावे लागते.

पैशाचा विषय टाळता येत नाही. स्वयंसेवकाला पगार नसतो. गावात साधेपणाने राहता येईल एवढा निर्वाहभत्ता मिळतो. त्यातून तो दरमहा घराला पैसे किंवा तांदळाचे पोते देतो. तरीही गावाच्या नजरेत तो श्रीमंत, आणि ही नजर चुकीची नाही. मोबाइल, सायकल, औषध, मायदेशी जाण्याचे विमान हे सगळे त्याच्याकडे आहे. शहरातून परतताना घरच्यांसाठी काहीतरी आणण्याची रीत आहे. पाव, फळे, पोरांना गोळ्या. रिकाम्या हाताने आलेल्याला ‘माझे काय आणले?’ असे मोकळेपणाने विचारतात. नव्या स्वयंसेवकाला यात भीक दिसते, आणि तो दुखावतो. घरातला जो माणूस थोडा सुस्थितीत असतो त्याच्याकडे सगळे असेच मागतात आणि तोही देतो किंवा हसून उद्यावर ढकलतो, हे त्याला काही महिन्यांनी दिसते. मागणे हे इथे नात्याचे लक्षण आहे. तरी त्याने उसने पैसे देण्यात सावध राहावे, कारण देवघेवीतून बिघडलेले नाते गावात लपत नाही.

सण हे घराच्या आयुष्यातले मोठे टप्पे. रमजानमध्ये रोजा ठेवायचा की नाही, हे स्वयंसेवक स्वतः ठरवतो. अनेक जण निदान काही दिवस ठेवतात, कारण दिवसभर उपाशी असलेल्या घरात एकट्याने जेवणे त्यांना जड जाते. तबास्कीला, म्हणजे बकरी ईदला, मेंढा कापतात. बाजारातले मांस कागदात गुंडाळूनच पाहिलेल्या माणसाला तो दिवस कठीण जातो, आणि शाकाहारी स्वयंसेवकाचे तर म्हणणेच कोणाला कळत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी नवे कपडे घालायचे असतात, स्वयंसेवकानेही; शिंप्याकडे आठवडे आधी कापड द्यावे लागते. बाळाचे बारसे आठव्या दिवशी होते. मयताच्या घरी जाऊन बसणे हे सगळ्यांत मोठे कर्तव्य; तिथे भाषा फारशी लागत नाही, हजेरी लागते, आणि न आलेला माणूस लक्षात राहतो.

यजमान घर कोणते, यावर कामाचेही बरेच ठरते. संस्थेचे सेनेगाली कर्मचारी आधी गावात जाऊन, गावप्रमुखाशी बोलून घर निवडतात. साहजिकच ते बहुधा गावप्रमुखाचे किंवा वजनदार माणसाचे असते. त्यामुळे स्वयंसेवकाचा शब्द ऐकला जातो, पण तो त्या घराच्या गटातला मानला जातो. गावात दोन तट असतील तर दुसरा तट त्याच्या रोपवाटिकेकडे फिरकत नाही. शहाणे स्वयंसेवक पहिल्या वर्षात मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला रोज चहाला जातात. दोन वर्षांच्या मुक्कामात हे साधते. दोन आठवड्यांसाठी येऊन भिंत रंगवून जाणाऱ्या पर्यटक-स्वयंसेवकाला गावात तट आहेत हेही कळत नाही, आणि त्याला ठेवून घेणाऱ्या घराच्या हाती पाहुणचाराच्या पैशांपलीकडे फारसे काही लागत नाही.

मुक्काम संपतो तेव्हा त्याच घरात पुढचा स्वयंसेवक येण्याची शक्यता असते, आणि त्याला बरेचदा तेच आडनाव मिळते. अशा घरातल्या आईला तीन-चार अमेरिकी मुले असतात, आणि पहिल्याने भाषा कशी शिकली, दुसऱ्याने काय मोडले, हे ती तिसऱ्याला ऐकवते. १५ मार्च २०२० रोजी मात्र कोविडच्या साथीमुळे संस्थेने जगभरातले सगळे स्वयंसेवक परत बोलावले. साठहून अधिक देशांतले सुमारे ७,००० जण काही दिवसांत निघाले, आणि पीस कोअरच्या इतिहासात असे प्रथमच घडले. अनेकांना घरच्यांचा नीट निरोपही घेता आला नाही. २०२२ पासून स्वयंसेवक पुन्हा परदेशी जाऊ लागले. दरम्यानच्या काळात संपर्क फोनवर राहिला. कोणाचे लग्न ठरले, पाऊस कसा झाला, म्हातारा नावबंधू गेला, या बातम्या आवाजी संदेशांतून अमेरिकेत पोहोचत राहिल्या, आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांकडून तबास्कीच्या मेंढ्यासाठी पैसेही येत राहिले.